पाळण्यातले पाय : बास्केटबॉलच्या ड्राफ्टवरील वादांची प्रस्तावना

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण सहज म्हणून जातो. ते खरोखर दिसतात का, कोणाला दिसतात, आणि ज्याला दिसले त्याने नेमके काय पाहिले होते, हे मात्र कोणी विचारत नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलचे चाहते नेमके हेच विचारतात. अठरा-एकोणीस वर्षांच्या होतकरू मुलांपैकी आपल्या संघाने कोणाला घ्यावे, यावर त्यांचा वाद वर्षभर चालतो. तो इतक्या तपशिलाने आणि इतक्या पोटतिडकीने चालतो की आज त्याला एखाद्या अभ्यासविषयाची शिस्त आली आहे. मराठी वाचकाला या विषयाची ओळख करून द्यावी, असे बरीच वर्षे मनात होते. बास्केटबॉल पाहण्याची सवय नसली तरी बिघडत नाही. माणूस पुरता घडण्याआधी त्याच्याविषयी अंदाज कसा बांधतात, याची ज्यांना उत्सुकता आहे, अशा वाचकांनी निःसंकोच आत यावे.

आधी व्यवस्था समजून घेऊ. एनबीए ही तीस संघांची स्पर्धा. दर वर्षी जूनमध्ये हे संघ ठरलेल्या क्रमाने एकेक नवा खेळाडू निवडतात. या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. पहिला ड्राफ्ट १९४७ साली झाला. पूर्वी त्याच्या पुष्कळ फेऱ्या चालत, १९८९ पासून दोनच होतात. आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या वाचकांनी येथे एक फरक ध्यानात घ्यावा. लिलावात ज्याची जास्त मोजायची तयारी, खेळाडू त्याचा. ड्राफ्टमध्ये बोली नसते, क्रम असतो, आणि तोही उलटा. गेल्या हंगामात जे दुबळे ठरले त्यांना आधी निवडायला मिळते. शिवाय १९९५ पासून पहिल्या फेरीतल्या खेळाडूंचे पगार त्यांच्या क्रमांकाप्रमाणे ठरलेले असतात. आजच्या नियमांनुसार असा खेळाडू चार वर्षांपर्यंत त्या ठरल्या पगारात संघाकडे राहू शकतो. संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा असल्याने, स्वस्तात मिळालेला एक गुणी मुलगा सगळ्या संघाची घडी बदलून टाकतो.

हे शहरागणिक वेगवेगळे भिडते. लॉस एंजेलिस किंवा मायामीला नामवंत खेळाडू आपण होऊन जातात. मिलवॉकी, सॅक्रामेंटो, ओक्लाहोमा सिटी यांच्या वाट्याला ते क्वचितच येते. अशा गावांतला चाहता हिवाळाभर हरणारे सामने पाहतो आणि जूनची वाट बघतो. न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळी नावे पुकारली जातात तेव्हा भारतात पहाट उजाडत असते. पुण्या-मुंबईतली काही मंडळी गजर लावून ती नावे ऐकतात, हे मी जवळून पाहिले आहे. चहा गार होतो आणि कोणाचे लक्ष नसते.

उलटा क्रम आला की मोहही आलाच. शेवटचे येण्यात फायदा असेल, तर जिंकायचे कशाला? १९६६ ते १९८४ या काळात तळाच्या दोन संघांत नाणेफेक होऊन पहिला क्रमांक ठरे. संघ मुद्दाम हरतात असा संशय बळावला, तेव्हा १९८५ साली सोडत आली. आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी गोल फिरणाऱ्या पिंपातून लिफाफा काढला, न्यूयॉर्कचा संघ पहिला आला आणि पॅट्रिक ईविंग त्यांचा झाला. तो लिफाफा आधीच गार करून ठेवला होता, अशी दंतकथा तेव्हापासून फिरते. पुरावा आजवर कोणी दिलेला नाही. आता यंत्रात चौदा चेंडू असतात आणि त्यांतून चार निघतात. चौदांतून चार काढण्याचे १००१ प्रकार होतात. त्यांतला एक बाद धरून उरलेले हजार, बाद फेरी न गाठलेल्या चौदा संघांत वाटले जातात. २०१८ पर्यंत सर्वांत दुबळ्या संघाला पहिल्या क्रमांकाची २५ टक्के संधी असे. २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना प्रत्येकी १४ टक्के मिळते.

हा बदल का झाला हे कळायला फिलाडेल्फियाकडे पाहावे लागते. २०१३ ते २०१६ या तीन हंगामांत त्यांनी मिळून ४७ सामने जिंकले. शेवटच्या हंगामात तर ८२ पैकी अवघे १०. व्यवस्थापक सॅम हिंकी यांनी आजचा संघ मोडून उद्याचे ड्राफ्ट क्रमांक गोळा करण्याचे धोरण उघडपणे राबवले होते. शहर दोन तटांत विभागले. त्या खटाटोपातून जोएल एम्बीड मिळाला, आणि २०२३ साली तो स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला; विजेतेपद मात्र आले नाही. हरणे हे धोरण असू शकते का, या प्रश्नावर तिथल्या चाहत्यांनी जे वाद घातले, ते खेळाच्या नीतिशास्त्राचे उत्तम पाठ आहेत. नवख्या वाचकाने ते कोणत्याही नियमपुस्तकाआधी समजून घ्यावेत.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. या वादांना मी अभ्यास का म्हणतो? कारण यात मत आधी मांडावे लागते. सामना संपल्यावर शहाणपण सर्वांनाच सुचते. ड्राफ्टच्या चाहत्याला जूनपूर्वी सांगावे लागते की हा मुलगा त्या मुलापेक्षा सरस ठरेल, आणि अमुक कारणांसाठी. मग पाच-सात वर्षे थांबावे लागते. या थांबण्यामुळे एक भेद शिकता येतो, आणि तो शिकवण्याची या विषयाइतकी सोय मला दुसरीकडे क्वचितच आढळली: अंदाज चुकणे आणि विचार चुकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

पोर्टलंड या एकाच शहराची दोन उदाहरणे घेऊ. १९ जून १९८४. पहिल्या क्रमांकावर ह्यूस्टनने हकीम ओलाजुवान घेतला. दुसरा क्रमांक पोर्टलंडचा. त्यांनी केंटकी विद्यापीठाचा उंच सेंटर (टोपलीजवळ खेळणारा खेळाडू) सॅम बोवी निवडला. तिसऱ्या क्रमांकावर शिकागोने मायकेल जॉर्डन घेतला. आज हे वाक्य वाचताना कोणीही कपाळाला हात लावेल. पण त्या दिवशी पोर्टलंडच्या खुर्चीत बसून पाहा. जॉर्डनच्या जागी खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर त्यांनी आदल्याच वर्षी घेतला होता आणि तो झपाट्याने तयार होत होता. सेंटरची जागा मात्र रिकामी होती, आणि त्या काळी उंच सेंटरवाचून विजेतेपद नाही असा सार्वत्रिक समज होता. ह्यूस्टनने जॉर्डनला सोडले म्हणून कोणी दोष देत नाही, कारण ओलाजुवानने त्यांना १९९४ आणि १९९५ अशी दोन विजेतेपदे दिली. पोर्टलंडचा तर्कही त्याच जातीचा होता.

मग चूक कुठे शोधायची? बोवीच्या पायात. डाव्या नडगीचे हाड मोडल्याने महाविद्यालयात त्याचे दोन पूर्ण हंगाम बुडाले होते. पोर्टलंडच्या डॉक्टरांनी त्याची कसून तपासणी केली होती. पुढे २०१२ साली एका माहितीपटात बोवीने सांगितले की डॉक्टर छोट्या हातोडीने नडगीवर ठोकत होते, दुखत होते, तरी तो काही जाणवत नाही असे म्हणाला. घरच्यांच्या गरजा डोळ्यांपुढे होत्या, असे कारणही त्याने दिले. मला हा प्रसंग या सगळ्या विषयाच्या मध्यभागी ठेवावासा वाटतो. एका खोलीत एक तरुण मुलगा बसला आहे, डॉक्टर विचारतो आहे, आणि एका उत्तरावर त्याच्या घरच्यांचे पुढचे आयुष्य अवलंबून आहे. चाहत्यांच्या वहीत त्याची फक्त एक ओळ होते: प्रकृती ठीक.

दुसरे उदाहरण २००७ चे. पहिला क्रमांक पोर्टलंडकडे आला आणि शहर पुन्हा त्याच प्रश्नापाशी आले: भक्कम सेंटर ग्रेग ओडन की सडपातळ, लांब हातांचा केविन ड्युरंट? चाचणीत ड्युरंटला १८५ पौंडांचा, म्हणजे साधारण ८४ किलोंचा बार एकदाही उचलता आला नव्हता, आणि त्यावर तेव्हा बरेच चर्वितचर्वण झाले. पोर्टलंडने ओडन घेतला. पहिल्या हंगामाआधीच त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. पोर्टलंडसाठी तो एकूण ८२ सामने खेळला, म्हणजे बरोबर एका पूर्ण हंगामाइतके. ड्युरंट या खेळातला एक थोर नेमबाज ठरला. तरीही २००७ मध्ये ओडनला पहिला मानणारी माणसे भरपूर होती आणि त्यांची कारणे सबळ होती. पोर्टलंडची निवड वाईट ठरली हे खरे, पण ती वाईट विचारातून आली असे मला म्हणवत नाही. तुम्ही स्वतः या दोन प्रकरणांची तुलना करून पाहा. कदाचित तुमचा निकाल माझ्याहून वेगळा असेल.

पोर्टलंडच्या पहिल्या कथेत जो पेच आहे, तोच चाहत्यांच्या निम्म्याअधिक वादांच्या मुळाशी असतो: संघात जी जागा रिकामी आहे ती भरायची, की समोरचा सर्वांत गुणी खेळाडू डोळे मिटून घ्यायचा? पहिल्या विचाराला चाहते ‘फिट’ म्हणतात. भारतीय वाचकाला हा पेच अनोळखी नाही. २००८ साली एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकून आलेल्या मुलांची आयपीएलच्या संघांत वाटणी झाली. दिल्लीच्या संघाकडे फलंदाज भरपूर होते, म्हणून त्यांनी प्रदीप सांगवान हा डावखुरा वेगवान गोलंदाज घेतला, आणि दिल्लीचाच विराट कोहली बंगळुरूला गेला. माझे स्वतःचे मत गुणाच्या बाजूचे आहे. एकोणीस वर्षांचा मुलगा पिकायला तीन-चार वर्षे घेतो आणि तोवर संघातली रिकामी जागा बदललेली असते. पण पाचच खेळाडू मैदानात असलेल्या खेळात एकाच जागेचे तिघे घेऊन बसलेल्या संघाचे हाल मी पाहिले आहेत, म्हणून ‘फिट’वाल्यांचे म्हणणे मी आदराने ऐकतो.

वाद ऐकताना काही शब्द वारंवार कानावर येतील. ‘सीलिंग’ म्हणजे सगळे जमून आले तर हा मुलगा कुठवर चढेल. ‘फ्लोअर’ म्हणजे काहीच मनासारखे झाले नाही तरी निदान किती कामाचा राहील. उशिरा मिळालेले रत्न म्हणजे ‘स्टील’, वाया गेलेली मोठी निवड म्हणजे ‘बस्ट’. ड्राफ्टपूर्वी कोण कुठे जाईल याचा जो मांडणीचा खेळ करतात तो ‘मॉक ड्राफ्ट’. आणि संघाची गरज बाजूला ठेवून केलेली निव्वळ गुणवत्तेची क्रमवारी म्हणजे ‘बिग बोर्ड’. शेवटचे दोन गल्लत न करता ओळखता आले की निम्मे वाद आपोआप समजू लागतात. एक जण काय होईल ते सांगत असतो, दुसरा काय व्हायला हवे ते सांगत असतो, आणि दोघेही एकमेकांना खोटे पाडू पाहतात.

खेळाडूकडे पाहायचे कसे? निवडक चमकदार क्षणांच्या चित्रफितीवर विसंबू नये, हे पहिले. तीन मिनिटांत कोणीही देव दिसतो. एखादा पूर्ण सामना घ्या, शक्यतो त्याचा संघ हरलेला. मग काही काळ चेंडूवरून नजर काढून फक्त त्या मुलावर ठेवा. नेम चुकल्यावर तो परत धावतो की जागीच उभा राहून पंचाकडे बघतो? समोरच्या उंच खेळाडूने वाट अडवली की त्याची पावले कुठे पडतात? सहकाऱ्याचा पास हातातून निसटला तर पुढच्या वेळी त्यालाच पास देतो का? चेंडू हातात नसताना तो रिकाम्या जागेकडे सरकतो, की कोपऱ्यात वाट बघत राहतो? ही पाहणी सुरुवातीला कंटाळवाणी वाटते. चौथ्या-पाचव्या सामन्याला मात्र एखादी सवय पुन्हा दिसते, तुम्ही ती ओळखता, आणि त्यानंतर तो मुलगा तुमच्यासाठी आकड्यांच्या रांगेतला राहत नाही.

आकडे नकोत असे मुळीच नाही. वय पाहा: एकोणिसाव्या वर्षी केलेली कामगिरी आणि बाविसाव्या वर्षी तेवढीच केलेली कामगिरी यांचे वजन सारखे नसते. पसरलेल्या दोन हातांचा पल्ला पाहा, कारण बचावात उंचीइतकाच तो कामाला येतो. दूरची नेमबाजी जोखताना फ्री थ्रोचे प्रमाण जरूर तपासा. महाविद्यालयातल्या एका हंगामात लांबून मारलेले फटके थोडे असतात आणि दैवाचा भाग मोठा असतो. एकट्याने, शांतपणे, ठरावीक रेषेवरून मारलेला फ्री थ्रो हाताच्या वळणाविषयी पुष्कळदा जास्त खरे बोलतो. आणि समोर कोण होते हे विसरू नका. २०१३ साली मिलवॉकीने पंधराव्या क्रमांकावर यानिस आंतेतोकुम्पो घेतला, तेव्हा तो ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेत खेळत होता. तिथले आकडे जसेच्या तसे घेणारे फसले असते, आणि आकडे क्षुल्लक म्हणून फेकून देणारे फसलेच.

चाहते चुकतात, पुष्कळ चुकतात. २०१५ साली न्यूयॉर्कने चौथ्या क्रमांकावर लाटवियाचा क्रिस्ताप्स पोर्झिंगिस घेतला, तेव्हा सभागृहात जमलेल्या त्यांच्याच पाठीराख्यांनी हुर्यो उडवली. एक लहान मुलगा रडताना दिसला. काही महिन्यांत तेच पाठीराखे त्याच्या नावाचा गजर करत होते. एकदा पदरी पडले की पवित्र मानून घेण्याची रीत तिथेही आहे. उलट २००९ मध्ये त्यांचा डोळा आठव्या क्रमांकासाठी, पुढे थोर नेमबाज ठरलेल्या स्टीफन करीवर होता. मिनेसोटाने पाचव्या आणि सहाव्या, दोन्ही क्रमांकांवर पॉइंट गार्ड, म्हणजे करीसारखेच चेंडू पुढे नेऊन डाव रचणारे खेळाडू घेतले आणि दोन्ही वेळा करीला वगळले. न्यूयॉर्ककरांना वाटले आता तो आपलाच. सातव्या क्रमांकावर गोल्डन स्टेटने त्याला नेले. आणि २०१४ मध्ये डेन्व्हरने एकेचाळिसाव्या क्रमांकावर सर्बियाचा निकोला योकिच निवडला, तेव्हा अमेरिकेतल्या प्रक्षेपणात जाहिरात चालू होती आणि तो स्वतः झोपलेला होता. पुढे तीनदा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या या माणसाला पहिल्या चाळीस जणांत कोणीच घेतले नव्हते. यातून चाहते हताश झाले असे नाही. जाड, संथ, पण दोन पावले पुढचे पाहणाऱ्या मुलांकडे बघण्याची त्यांची दृष्टी मात्र बदलली.

भारताशी या विषयाचा एक खरा धागा आहे. २०१५ साली डलासने बावन्नाव्या क्रमांकावर सतनाम सिंग भामरा निवडला. पंजाबातल्या बल्लो के या गावचा, सव्वासात फुटांच्या आसपास उंचीचा, फ्लोरिडातल्या एका क्रीडा प्रबोधिनीत शिकलेला. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. एनबीएचा सामना खेळण्याची संधी त्याला मिळाली नाही. बावन्नाव्या क्रमांकाचा अर्थ बहुतेकदा असाच असतो, आणि तरी त्या पहाटे आपल्याकडे ज्यांनी ते नाव ऐकले त्यांना ते विसरता आलेले नाही. दुसरा धागा मुंबईचा. सॅक्रामेंटो किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मले, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांचा संघ वरळीच्या डोममध्ये इंडियानाशी दोन सामने खेळून गेला. एनबीएचा चेंडू तेव्हा पहिल्यांदा भारतात उसळला.

वाचकांनी सुरुवात कुठून करावी, असे मला विचारतात. मी २०१८ सुचवतो. त्या वर्षी स्लोव्हेनियाचा लुका डॉन्चिच एकोणीस वर्षांचा होता. रेआल माद्रिदकडून युरोलीग जिंकून त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. तरी शंका होत्या: पाय पुरेसे चपळ आहेत का, युरोपातला खेळ अमेरिकेत चालेल का. पहिला क्रमांक फिनिक्सचा. त्यांचे नवे प्रशिक्षक इगोर कोकोश्कोव्ह यांनीच आदल्या वर्षी डॉन्चिचसह स्लोव्हेनियाला युरोपचे विजेतेपद मिळवून दिले होते. फिनिक्सने मात्र ॲरिझोना विद्यापीठाचा सेंटर डिआंड्रे एटन घेतला. दुसरा सॅक्रामेंटोचा. त्यांनी मार्विन बॅगली घेतला. तिसऱ्यावर अटलांटाने डॉन्चिच निवडला आणि लगेच डलासला दिला. बदल्यात पाचव्या क्रमांकाचा ट्रे यंग आणि पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली एक निवड मिळवली. गरज, गुण, ओळखीचा प्रशिक्षक, परक्या स्पर्धेचे वजन, क्रमांकांची देवघेव, या विषयातले जवळजवळ सगळे पेच त्या एका संध्याकाळी एकत्र भेटतात.

पुढचे ठाऊक नसल्यासारखे त्या वर्षाकडे पाहा. एटनचा एक सामना, डॉन्चिचचा एक, बॅगलीचा एक, यंगचा एक, असे चार पूर्ण सामने बघा. आपला क्रम लावा आणि प्रत्येक नावापुढे दोन ओळी कारण लिहा. मगच पुढे चला: २०२१ मध्ये फिनिक्स एटनसह अंतिम फेरीत पोहोचले, त्याच वर्षी यंगचे अटलांटा त्याच्या एक पायरी अलीकडे थांबले, २०२४ मध्ये डॉन्चिचने डलासला अंतिम फेरीत नेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये डलासने त्याच डॉन्चिचला लॉस एंजेलिसला देऊन टाकले, शहर संतापले, आणि मे महिन्यात १.८ टक्के संधी असलेल्या त्याच डलासला सोडतीत पहिला क्रमांक लागून अठरा वर्षांचा कूपर फ्लॅग मिळाला. इथवर आलात की वहीत मागे जा आणि आपली कारणे पुन्हा वाचा. पहिल्या पानावर तारीख टाकायला तेवढे विसरू नका: २१ जून २०१८.